शाळेच्या पटाबाहेरचे खेळाडू

पावसाळा सुरू होऊन शाळा स्थिरस्थावर झाल्या की जिल्ह्याजिल्ह्यांत शालेय क्रीडा स्पर्धांची लगबग सुरू होते. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत कबड्डी, खो-खोची मैदाने आखली जातात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट पडतात. तालुक्यात जिंकलेला संघ जिल्ह्याला, तेथून विभागाला, पुढे राज्याला आणि नशीब बलवत्तर असेल तर राष्ट्रीय स्पर्धेला जातो. या शिडीची पहिली पायरी म्हणजे प्रवेशिका. त्या प्रवेशिकेवर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का लागतो. ज्या मुलाचे नाव कोणत्याच शाळेच्या पटावर नाही, त्याच्यापुढे भिंत तेवढी उभी असते. शिडी लावायला कोणी येत नाही.

अशी मुले थोडी असतील, पण ती आहेत. काही मुलांना आईवडील समजून उमजून घरीच शिकवितात. काही मुक्त विद्यालयाच्या परीक्षा देतात. काही वेदपाठशाळेत अध्ययन करतात. आणि काहींची नावे पटावर असूनही वर्षातील चार-पाच महिने ती आईवडिलांच्या पाठोपाठ वीटभट्टीवर वा उसाच्या फडात असतात. यांच्या शिक्षणाची चर्चा अधूनमधून तरी होते. त्यांच्या खेळाची होत नाही. वस्तुतः शाळेबाहेरच्या मुलाचे सर्वांत मोठे नुकसान पुस्तकाचे नसते, ते सवंगड्यांचे असते. गणित आई शिकवू शकते, भाषा आजोबा शिकवू शकतात. परंतु चढाई करून परत येताना घोटा पकडणारे सात जण घरात कोठून आणायचे?

कोण आहेत ही मुले?

घरी शिक्षण ही कल्पना आपल्याकडे अनेकांना परदेशी खूळ वाटते. ते तसे नाही. मुंज झालेला मुलगा गुरुगृही जात असे, कारागिराचा मुलगा बापाच्या हाताखाली शिकत असे आणि मुलींचे बहुतेक शिक्षण घरातच होत असे. घंटा वाजवून वर्ग भरविणारी आजची शाळा ही त्या मानाने अलीकडची व्यवस्था आहे. आज पुण्या-मुंबईत काही सुशिक्षित कुटुंबे पुन्हा घरच्या शिक्षणाकडे वळलेली दिसतात. मुंबईच्या मालविका राज जोशी या मुलीने सातवीच्या सुमारास शाळा सोडली. घरी अभ्यास करून तिने इन्फर्मॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळविली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेतील एमआयटी या नामवंत संस्थेत प्रवेश मिळाला. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने येथील आयआयटीचे दार तिला बंद होते. या उदाहरणातील बोध एवढाच की, जेथे स्पर्धा गुणवत्ता पाहते तेथे शाळेबाहेरचे मूल पुढे येते आणि जेथे कागद आधी पाहिला जातो तेथे ते दारातच अडते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत जाण्याचा हक्क त्याने दिला. घरी शिकण्याविषयी मात्र त्यात स्वतंत्र तरतूद नाही. अशा कुटुंबांना आधार असतो तो मुक्त शिक्षणाचा. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय स्थापन झाले. तीच आजची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. महाराष्ट्रातही राज्य मंडळाच्या अंतर्गत मुक्त विद्यालय मंडळ सुरू झालेले आहे. गंमत अशी की, ज्यांना खेळासाठी वा कलेसाठी जास्त वेळ हवा त्यांची सोय व्हावी, हाही मुक्त शिक्षणाचा एक हेतू सांगितला जातो. खेळासाठी शाळा सोडावी आणि शाळा सोडली म्हणून शालेय स्पर्धेतील खेळ सुटावा, हा विरोधाभास कोणाच्या ध्यानी कसा आला नाही, याचे आश्चर्य वाटते.

वाशीमसारख्या जिल्ह्यात मात्र हौसेने घरी शिकणाऱ्या मुलांपेक्षा परिस्थितीने घरी वा गावाबाहेर राहिलेल्या मुलांचा प्रश्न मोठा आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे त्याचे सोबती. सोयाबीन आणि तुरीवर चालणारी शेती, सिंचनाची तूट आणि पीक हाती आल्यानंतरची कामाची चणचण यांमुळे दिवाळीनंतर तांड्यातांड्यांतून बिऱ्हाडे हलतात. शाळेच्या तालुका स्पर्धेत चमकलेला मुलगा पुढच्या फेऱ्यांच्या वेळी अनेकदा गावातच नसतो. त्याचे नाव पटावर राहते, पाय मात्र दुसऱ्याच जिल्ह्याच्या मातीत असतात.

मैदान आधी गावाचे होते

खेळ हा शाळेचा विषय, ही समजूत आपल्या मनात इतकी रुजली आहे की, ती फार जुनी नाही हेच आपण विसरलो आहोत. हुतूतू, हमामा, विटीदांडू, चेंडूफळी हे खेळ संतांच्या अभंगांतून भेटतात ते गोकुळातील गोपाळांचे खेळ म्हणून. ते खेळणारे पेंद्या-सुदामादी सवंगडी कोणत्या वर्गातले, असे कोणी विचारीत नाही. शिदोऱ्या एकत्र करून काला करायचा आणि एका मैदानात उतरायचे, एवढीच तेथील पात्रता. समर्थांनी मारुतीची मंदिरे उभारली, त्यांच्या आधाराने गावोगावी बलोपासना रुजली. तालीम गावाची असे, आखाड्याची माती सर्वांची असे.

आधुनिक काळातही आपल्या देशी खेळांना नियम आणि प्रतिष्ठा दिली ती प्रामुख्याने मंडळांनी आणि जिमखान्यांनी. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोच्या नियमांची बांधणी केली. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने पुढच्या दशकात देशी खेळांच्या अखिल भारतीय स्पर्धा भरविल्या. आणि वाशीमकरांना तर उदाहरणासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. त्यांत आपली कबड्डी होती. वऱ्हाडातील एका व्यायाम मंडळाच्या मुलांना बर्लिनला जाताना कोणी कोणत्या शाळेचा शिक्का मागितला नव्हता.

विजयादशमीच्या दिवशी १९२५ मध्ये नागपुरात संघाचा प्रारंभ झाला, तेव्हा आरंभीचे स्वयंसेवक व्यायामशाळेत जात. पुढे मैदानावरची शाखा रूढ झाली. डॉक्टरांनी बालांना आणि तरुणांना एकत्र आणले ते खेळाच्या निमित्ताने. त्या मैदानावर श्रीमंताचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एकाच रांगेत उभे राहिले. मराठीत खेळाडूंच्या गटालाही संघच म्हणतात, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. मैदानावर समाज जोडण्याची ही पद्धत शंभर वर्षे वापरून सिद्ध झालेली असताना, शाळेबाहेरच्या मुलांना संघ कसा मिळणार, हा प्रश्न इतरांनी विचारावा. आपण त्याचे उत्तर द्यावे.

वेगळा संघ की गावाचा संघ?

अमेरिकेत घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे आणि तेथे हा प्रश्न बराच आधी उभा राहिला. त्यांनी दोन वाटा काढल्या. पहिली कायद्याची. फ्लोरिडा राज्याने १९९६ मध्ये घरी शिकणाऱ्या मुलांना स्थानिक शाळेच्या संघातून खेळण्याची मुभा दिली. टिम टीबो हा मुलगा घरी शिकला, पण तेथील शाळेच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळला आणि २००७ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या हाइझमन पुरस्काराचा मानकरी ठरला. पुढे अनेक राज्यांतील अशा कायद्यांना त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. दुसरी वाट स्वतंत्र संघांची. घरी शिकणाऱ्या मुलांचे बास्केटबॉलचे संघ तेथे ठिकठिकाणी आहेत आणि त्यांची आपसांत राष्ट्रीय स्पर्धाही होते.

यांतील दुसरी वाट आपल्याला परवडणारी नाही, आणि ती इष्टही नाही. परवडणारी नाही, कारण साधे गणित आड येते. कबड्डीत मैदानावर सात आणि राखीव धरून बारा खेळाडू लागतात. खो-खोच्या परंपरागत नियमांत पाठलाग करणारे आठ जण बसलेले आणि एक धावणारा असे नऊ तरी हवेतच. एका गावात वा एका तालुक्यात घरी शिकणारी एकाच वयोगटाची बारा मुले जमविणे वाशीमसारख्या जिल्ह्यात अशक्यप्राय आहे. इष्ट नाही, याचे कारण त्याहून महत्त्वाचे. घरी शिकणाऱ्या मुलाचा मोठा धोका हा की, त्याचे जग आपल्यासारख्याच चार घरांपुरते मर्यादित होते. त्याच चार घरांचा संघ काढला तर घराच्या भिंती मैदानावर नेऊन पुन्हा उभ्या केल्यासारखे होईल.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे आहे की, शाळेबाहेरच्या मुलांचा संघ काढायचा असेल, तर तो केवळ त्यांचा असू नये. तो गावाचा असावा. वय आणि गाव, एवढ्या दोनच गोष्टी संघात येण्यासाठी पुरेशा असाव्यात. डॉक्टरांचा घरी शिकणारा मुलगा, तांड्यावरचा वीटभट्टीवरून परतलेला मुलगा, पाठशाळेतील बटू आणि जिल्हा परिषद शाळेतील विद्यार्थी यांनी एकाच पाळीत चढाई करावी. संख्येचा प्रश्न त्याने सुटतो आणि समरसतेचा पाठ व्याख्यानावाचून मिळतो. कबड्डीची साखळी धरताना शेजारच्याचा हात घट्ट धरावाच लागतो. तो हात कोणाचा, हे पाहायला तेथे वेळ नसतो.

दारे कोठे उघडी आहेत?

आता व्यवहाराकडे वळू. शालेय स्पर्धांचे दार बंद असले तरी सगळीच दारे बंद नाहीत, ही गोष्ट फार थोड्या पालकांना ठाऊक असते. कबड्डी आणि खो-खो यांच्या राज्य संघटना आहेत, त्यांच्या जिल्हा संघटना आहेत आणि त्यांच्याशी स्थानिक क्रीडा मंडळे संलग्न असतात. संघटनांच्या स्पर्धा शालेय स्पर्धांपासून स्वतंत्र असतात. तेथे खेळाडू उतरतो तो मंडळाच्या वा जिल्ह्याच्या नावाने. खो-खोत चौदा वर्षांखालील किशोर आणि अठरा वर्षांखालील कुमार असे गट आहेत. कबड्डीत किशोर गटासाठी वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. तेथे वयाचा पुरावा महत्त्वाचा. शाळेचा पट नव्हे. मैदानी खेळांतही ॲथलेटिक्स महासंघाची आंतरजिल्हा कनिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा होते आणि तिच्यासाठी जिल्ह्याचा संघ जिल्हा संघटना निवडते.

केंद्र शासनाच्या खेलो इंडिया उपक्रमाचा इतिहासही येथे बोलका आहे. २०१८ मध्ये दिल्लीत त्याची पहिली स्पर्धा झाली ती शालेय खेळ या नावाने. दुसऱ्याच वर्षी, जानेवारी २०१९ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत ती भरली तेव्हा तिचे नाव युवा खेळ असे झाले. एकवीस वर्षांखालील गट जोडला गेला. शाळा हा शब्द वगळून युवा हा शब्द आला, यात दृष्टीचा पालट आहे. त्या वर्षी पदकतालिकेत महाराष्ट्र पहिला होता.

या वाटेने गेलेल्यांनी काय मिळविले, तेही पाहावे. वाशीमसारखाच आकांक्षित ठरलेल्या धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत विजयी झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. बीडचा अविनाश साबळे वीटभट्टीवर राबणाऱ्या आईवडिलांचा मुलगा. स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीतील त्याची ओळख घडली ती सेनादलात गेल्यावर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण त्याने मिळविले. विसाव्या वर्षानंतर सेनादलाला जो गुण दिसला, तो बाराव्या वर्षी गावाला दिसला असता तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. वाशीमच्या वीटभट्ट्यांवर आणि फडांत आज किती साबळे विटा वाहत असतील?

शिवाय खेळ आता केवळ हौस राहिलेला नाही. राज्याच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. ज्या मुलाला मैदानाची पहिली पायरीच मिळाली नाही, त्याला या साऱ्याचा काय उपयोग? जो आधीच मागे आहे, तोच येथेही मागे राहतो.

उभारणी कशी करावी?

गावाचा संघ उभारायला फार पैसा लागत नाही, नियमितपणा लागतो. त्यासाठी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट जागेची. वाशीमची बरीचशी जमीन काळी. पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. अशा जमिनीवर धावणारे मूल पाय मुरगाळून घेते. मारुतीच्या देवळापुढील पटांगण, गावठाणातील मोकळी जागा किंवा शाळा सुटल्यानंतरचे शाळेचे मैदान मिळवावे. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून ते घट्ट करावे. गावकऱ्यांनी श्रमदानाने केलेले मैदान गावाचे वाटते. खो-खोला दोन खांब आणि चुन्याच्या रेषा, कबड्डीला तर नुसत्या रेषा पुरतात. म्हणूनच हे खेळ आपल्या गावांत टिकले.

दुसरी गोष्ट वेळेची. चैत्र-वैशाखात येथे ऊन असे तापते की, सकाळी साडेसातनंतर मुलांना मैदानावर ठेवणे हा अविचार ठरेल. पहाटे किंवा दिवेलागणीपूर्वीचा तास निवडावा. मात्र तो रोजचा असावा. आठवड्यातून एकदा दोन तास खेळविण्यापेक्षा रोज एक तास खेळविणे हिताचे, हे शाखा चालविणाऱ्यांना सांगायला नकोच.

तिसरी गोष्ट कागदांची. हे काम कंटाळवाणे, पण याच्याचअभावी मुले स्पर्धेतून बाद होतात. प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, आधारपत्र, छायाचित्र आणि पालकांची लेखी संमती एका धारिकेत लावून ठेवावी. मंडळाची रीतसर नोंदणी करून जिल्हा संघटनांकडे संलग्नतेसाठी अर्ज करावा. स्थलांतरित मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून आपल्या राज्यात शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आली; मूल जेथे जाईल तेथील शाळेने ते पाहून त्याला सामावून घ्यावे अशी त्यामागील कल्पना. त्याच धर्तीवर मंडळाने अशा मुलाला खेळाडू म्हणून एक पत्र द्यावे आणि ते ज्या तालुक्यात जाणार असेल तेथील आपल्या कार्यकर्त्याला आधीच कळवावे. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या परिसरातही शाखा आहेत. मानोऱ्याच्या तांड्यावरचा मुलगा तेथील मैदानावर सायंकाळी उभा राहिला, तर त्याच्या खेळात पाच महिन्यांचा खंड पडणार नाही. एवढे विस्तृत जाळे हाती असताना ते अशा कामी न येणे ही नामुष्कीची बाब ठरेल.

चौथी गोष्ट मुलींची. शाळेबाहेरच्या मुलीला घरकाम आणि धाकटी भावंडे यांतून मैदान मिळणे मुलापेक्षाही कठीण. लक्ष्मीबाई केळकरांनी १९३६ मध्ये वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती स्थापिली ती याच विदर्भाच्या भूमीत. समितीच्या सेविकांनी मुलींचा खो-खो संघ हाती घ्यावा. मुलींबरोबर प्रवासात महिला शिक्षिका असावी, येण्याजाण्याची वेळ ठरलेली असावी आणि ती पालकांना ठाऊक असावी. एवढा विश्वास मिळाला की आया स्वतः मुलींना आणून सोडतात.

पाचवी गोष्ट पोटाची. वाढत्या वयात तासभर धावलेल्या मुलाला मूठभर चणे-शेंगदाणे आणि गुळाचा खडा मिळालाच पाहिजे. गावातील एकेका घराने आठवड्याचा एकेक दिवस वाटून घेतला तर हा भार कोणावरच पडत नाही. क्रीडा भारतीसारखी संघटना प्रशिक्षक आणि पंच यांच्याबाबत मार्गदर्शन करू शकेल. पण गुळाचा खडा गावानेच द्यायचा आहे.

शासनाकडेही एक मागणी करावी. ती खर्चाची नाही. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्याची नोंद कोणत्या ना कोणत्या संपर्क केंद्राकडे असते. त्या केंद्राच्या प्रमुखाची सही शालेय स्पर्धेच्या प्रवेशिकेवर मुख्याध्यापकांच्या सहीइतकीच ग्राह्य असल्याचे स्पष्ट, लेखी आदेश निघावेत. फ्लोरिडाला त्यासाठी कायदा करावा लागला. आपल्याकडे एका परिपत्रकाने काम होईल.

काही आक्षेप

या विचारावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, हौसेने घरी शिकणारे मूल आणि परिस्थितीने शाळेबाहेर राहिलेले मूल यांना एका मापाने कसे मोजता? आक्षेप योग्य आहे. एकाजवळ पर्याय आहे, दुसऱ्याजवळ नाही. दुसऱ्याला शाळेत परत आणणे हे आपले कर्तव्यच आहे आणि गावाचा संघ हा त्याला पर्याय नव्हे. उलट, संघाच्या ओढीने मूल गावात थांबते, प्रशिक्षकाच्या नजरेत राहते आणि जूनमध्ये त्याचे नाव पुन्हा पटावर चढविणे सोपे जाते. ज्याला रोज कोणी हाक मारते ते मूल हरवत नाही.

दुसरा आक्षेप उघडपणे मांडला जात नाही, मनात ठेवला जातो. आपला मुलगा कोणत्या मुलांबरोबर खेळेल, त्यांची भाषा कशी असेल, सवयी कशा असतील? मध्यमवर्गीय घरांतून ही शंका येते आणि मग मुलाला शहरातील सशुल्क क्रिकेट प्रशिक्षण वर्गात घातले जाते. स्पष्ट बोलायचे तर, समरसतेच्या बैठकीला जाणाऱ्या आणि मुलासाठी मात्र निवडक सोबत शोधणाऱ्या कुटुंबाने आपल्या आचाराचा फेरविचार करायला हवा. तांड्यावरच्या मुलाला एखादी शिवी येत असेल, पण उन्हातान्हात न कुरकुरता उभे राहणेही येते. घरी वाढलेल्या मुलाला शुद्ध बोलता येत असेल, पण हरल्यावर हसता येतेच असे नाही. दोघांनी एकमेकांकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

तिसरा आक्षेप बाहेरून येईल. हा सारा खटाटोप आपली संख्या वाढविण्यासाठी आहे, असे म्हटले जाईल. त्याला उत्तर शब्दांनी देऊ नये. संघाच्या गणवेशावर गावाचे नाव असावे, प्रायोजकाचे वा पुढाऱ्याचे नको आणि आपलेही नको. उद्घाटनाचे हार, छायाचित्रे आणि भाषणे यांना पूर्ण फाटा द्यावा. मैदान सर्वांना खुले आहे हे दिसू लागले की आक्षेप आपोआप मावळतात.

हनुमान जयंतीचा मुहूर्त

वाशीम ही वाकाटकांची वत्सगुल्म नगरी. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान, देशभरातील बंजारा समाजाची काशी. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. रामनवमीला तेथे यात्रा भरते. कामासाठी दूरदूर पांगलेली कुटुंबे त्या सुमारास आपल्या देवाच्या दारी येतात. त्यानंतर सहाच दिवसांनी हनुमान जयंती. बलोपासनेचा दिवस आणि तांड्यांवर मुले परतलेली असण्याचा काळ, असा हा योग वर्षातून एकदाच येतो.

जिल्ह्याच्या सहा तालुक्यांतून प्रत्येकी एक गाव निवडावे. येत्या हनुमान जयंतीला सूर्योदयाच्या वेळी त्या सहा गावांच्या संघांचे सामने भरवावेत. प्रत्येक संघात शाळेच्या पटावर नसलेली किंवा वर्षाचा काही काळ गावाबाहेर असणारी तीन तरी मुले असावीत, एवढाच नियम ठेवावा. चषक लहान असला तरी चालेल. त्या तीन मुलांचा शोध घेण्यासाठी कार्यकर्त्याला घरोघर आणि तांड्यातांड्यावर जावे लागेल, नावे विचारावी लागतील, आईवडिलांशी ओट्यावर बसून बोलावे लागेल. कामाचा निम्मा भाग तेथेच पार पडलेला असेल. उरलेला निम्मा रोज सकाळी सहा वाजता मैदानावर जाऊन शिट्टी वाजविण्याचा आहे.